जीपीएस नाही, लायडर नाही: मुंगी-मधमाशीच्या पद्धतीने रोबोटला वाट दाखवता येईल का?

प्रश्न असा आहे: द्राक्षबागेत क्रेट वाहणारा चाकांचा छोटा रोबोट करायचा आहे. मांडवाखाली साधं जीपीएस भरवशाचं राहत नाही, लायडर (लेसरने भोवतालची अंतरं मोजणारं यंत्र) बजेटमध्ये बसत नाही. हाताशी एक कॅमेरा, एक आयएमयू (यातला जायरो किती वळलो ते सांगतो), चाकांचे फेरे मोजणारे एन्कोडर आणि रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक-बोर्ड आहे. मधमाश्या आणि मुंग्या एवढ्याशा मेंदूवर लांब जाऊन बिनचूक घरी परततात, तर त्यांच्या पद्धतीने हे जमेल का? कोणता कीटक समोर ठेवायचा? आणि त्यासाठी इव्हेंट कॅमेरा (पूर्ण फ्रेमऐवजी फक्त उजेडातले बदल टिपणारा) किंवा मेंदूसारखी खास चिप लागेल का?

जमेल. मात्र एकच कीटक धरून त्याची नक्कल करायला बसू नका, आणि त्याच्या चेतापेशींची तर मुळीच नको. कीटकांकडून उचलावी ती कामाची वाटणी. मधमाशीच्या मेंदूत साधारण १० लाख चेतापेशी असतात. एवढ्यावर ती भिंत टाळते, वेग आवरते, किती लांब आलो याचा हिशोब ठेवते, दिशा धरते आणि ओळखीची जागा ओळखते. ही सगळी वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाला वेगळी, बरीच साधी युक्ती आहे. आपण इंजिनिअर मंडळी उलट सुरुवात करतो: आधी सेंटिमीटरपर्यंत अचूक नकाशा, मग त्याच्या जोरावर बाकी सगळं. मधमाशीच्या डोक्यात नकाशा असतो की नसतो, यावर जीवशास्त्रज्ञांचं अजून जमलेलं नाही, तो वाद त्यांना घालू दे. तुमच्या रोबोटला ओळीच्या मधोमध चालायचं आहे, ओळ संपली की वळायचं आहे आणि क्रेट भरला की शेडपाशी यायचं आहे. यातल्या कशालाही कोणता घड कुठे लटकतोय हे कळायची गरज नाही.

सगळ्यात आधी ओळीतून चालणं, कारण तिथेच कीटकांची पद्धत सर्वांत जास्त फायद्याची ठरते. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून शिकून पुढे ऑस्ट्रेलियात काम केलेले मंड्यम श्रीनिवासन यांनी १९८९ मध्ये किर्शनर यांच्यासोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. मधमाश्यांना पट्टे रंगवलेल्या बोगद्यातून उडायला लावलं तर त्या बरोबर मध्यातून जातात. मग एका बाजूची भिंत माशी उडते त्याच दिशेला सरकवली. माशी त्या भिंतीच्या जवळ गेली. का? भिंत सोबत सरकत असल्यामुळे त्या डोळ्यावरून दृश्य सावकाश सरकत होतं, आणि सावकाश सरकतं ते लांबचं, असा माशीचा हिशोब. म्हणजे ती अंतर मोजत नाही. दोन्ही डोळ्यांवरून दृश्य सारख्याच वेगाने मागे जाईल अशी जागा धरते. यालाच ऑप्टिक फ्लो म्हणतात.

तुमच्या बागेचे आकडे घालून बघू. रोबोट सेकंदाला ०.६ मीटर वेगाने चालतोय, दोन्ही बाजूंची पानं १ मीटरवर आहेत. अगदी बाजूला बघणाऱ्या पिक्सेलवर दृश्याचा कोनीय वेग म्हणजे वेग भागिले अंतर, सेकंदाला ०.६ रेडियन, साधारण ३४ अंश. रोबोट ३० सेंटिमीटर उजवीकडे सरकला की उजवीकडे ४९ आणि डावीकडे २६ अंश होतात. १८० अंश दाखवणारी फिशआय लेन्स आणि ३२० पिक्सेल रुंदीची प्रतिमा धरली, सेकंदाला ३० फ्रेम धरल्या, तर एका फ्रेममध्ये उजवीकडचं दृश्य सुमारे ३ पिक्सेल आणि डावीकडचं दीड पिक्सेल सरकेल. हा फरक साध्या ब्लॉक मॅचिंगलाही (आधीच्या फ्रेममधला तुकडा पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकला ते शोधणं) पकडता येतो. यासाठी न्यूरल नेटवर्क लागत नाही.

आता यातली खरी मेख. हे गणित रोबोट सरळ जातोय असं धरून केलं आहे. चाक ढेकळावरून गेलं की रोबोट क्षणभर सेकंदाला ४० अंशांनी सहज वळतो. समजा डावीकडे वळला. आता उजवीकडचा फ्लो ३४ अधिक ४०, म्हणजे ७४ झाला, आणि डावीकडचा ३४ वजा ४०, म्हणजे दृश्य चक्क उलटं सरकलं. कंट्रोलरला वाटलं उजवी बाजू अंगावर आली, म्हणून त्याने आणखी डावीकडे वळवलं. त्यामुळे चूक आणखी वाढली. पहिल्यांदा असा रोबोट करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: टेबलावर छान चालतो, शेतात गेला की वेड्यासारखा एका बाजूला वळत जाऊन वेलीत घुसतो. लोक मग गेन, म्हणजे चुकीला कंट्रोलरने किती जोरात उत्तर द्यायचं तो आकडा, कमी-जास्त करत बसतात. गेनचा काही संबंध नाही, वळण्यातून आलेला फ्लो वजा करायचा राहिलेला असतो.

माश्यांनी हे दोन प्रकारे सोडवलं आहे. एक तर त्या उडताना झटक्यात वळतात आणि दोन वळणांमध्ये सरळ जातात, डोकं स्थिर ठेवतात, म्हणजे अंतराची माहिती मिळते ती फक्त सरळ टप्प्यात. दुसरं, घरमाशीसारख्या कीटकांच्या मागच्या पंखांच्या जागी छोटे गदेसारखे अवयव असतात, ते जायरोचं काम करतात. तुमच्याकडे आयएमयू आहेच. प्रत्येक फ्रेमच्या दरम्यान जायरोने किती अंश वळल्याचं सांगितलं ते पिक्सेलमध्ये बदला आणि दोन्ही बाजूंच्या फ्लोमधून वजा करा. इथे कॅमेरा आणि जायरोची वेळ जुळली पाहिजे. ३०-४० मिलिसेकंदांचा फरक पडला तरी वजाबाकी चुकीच्या फ्रेमवर होते. रोलिंग शटरचा, म्हणजे चित्र ओळीओळीने टिपणारा कॅमेराही इथेच दगा देतो. चार पैसे जास्त गेले तरी अख्खं चित्र एकाच क्षणी टिपणारा ग्लोबल शटरचाच घ्या. सगळ्या प्रकल्पात पैसे सैल सोडावेत अशी ही एकच जागा.

याच फ्लोमधून वेगही फुकटात आवरता येतो. दोन्ही बाजूंच्या फ्लोची बेरीज ठरावीक आकड्यावर धरून ठेवा, वर धरलेल्या उदाहरणात ६८ अंश. वाट अर्ध्याने अरुंद झाली तर रोबोट आपोआप सेकंदाला ०.३ मीटरवर येतो, मोकळ्यात आला की पुन्हा वेग घेतो. मधमाशीही अरुंद बोगद्यात वेग कमी करते, आणि सपाट जागी उतरताना जमिनीचं दृश्य सारख्याच वेगाने सरकत राहील असं बघते, त्यामुळे जमीन जवळ येईल तसा तिचा वेग शून्याकडे जातो. ना उंची माहीत, ना वेग माहीत, तरी अलगद उतरणं.

एक अडचण बागेत नक्की येईल: मधल्या काही वेली मेलेल्या असतात, तिथे एका बाजूला भिंतच नसते. दोन्ही बाजू सारख्या करायला गेलात तर रोबोट त्या रिकाम्या जागेकडे ओढला जाईल. फ्रान्समधल्या मार्सेचे फ्रांचेस्किनी, सेर, रुफिए यांनी २००८ मध्ये दाखवलं की बोगद्याची एक भिंत मध्येच काढून टाकली तरी मधमाशी उरलेल्या भिंतीला धरून जात राहते. तेच करा: दोन्हींपैकी जास्त फ्लो असलेली बाजू निवडा आणि तोच आकडा कायम राखा.

आणि समोरचं काय? ऑप्टिक फ्लोची सगळ्यात मोठी खोड अशी की ज्या दिशेला तुम्ही जाताय, नेमका तिथे फ्लो शून्य असतो. बाजूची पानं झपाझप सरकतात, पण थेट समोर ठेवलेली पाण्याची बादली जागच्या जागी हळूहळू मोठी होते. टोळाच्या मेंदूत अंगावर येणाऱ्या वस्तूसाठी वेगळी चेतापेशीच आहे, आणि क्लेअर रिंड यांच्या गटाने तिच्यावर आधारलेली टक्कर टाळणारी यंत्रणा रोबोटवर चालवूनही दाखवली. पण मांडवाखाली लोंबणाऱ्या प्रत्येक फुटव्याला ती बिचकेल, आणि बारीक तार तिला दिसणार नाही. इथे जैविक प्रेरणेचा हट्ट सोडा, समोर एक स्वस्त टाइम-ऑफ-फ्लाइट सेन्सर (प्रकाश जाऊन परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर सांगणारा) लावा आणि त्याच्या खाली, दाबला गेला की मोटर बंद करणारा बंपर.

किती अंतर आलो, हा पुढचा हिशोब. मधमाशी तोही फ्लोवरच ठेवते. श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी २००० साली माश्यांना अरुंद, नक्षीदार बोगद्यातून खाण्यापर्यंत नेलं. भिंती इतक्या जवळ की दृश्य भराभर सरकलं, आणि पोळ्यात परतलेल्या माश्यांनी नाचातून जे अंतर सांगितलं ते खऱ्या अंतराच्या कित्येक पट होतं. भिंतीवरचे पट्टे बोगद्याच्या लांबीला समांतर रंगवले, म्हणजे फ्लोच मिळेना, तेव्हा माश्या ‘अन्न इथंच जवळ आहे’ असा नाच करू लागल्या. यातून तुम्ही घ्यायचं ते असं: फ्लोचं ओडोमीटर, म्हणजे अंतरमापक, मीटरमध्ये बोलत नाही. त्याच वाटेवर, त्याच उंचीवर ते विश्वासू आहे, वाट बदलली की आकडा बदलला.

वाळवंटातली कॅटाग्लिफिस मुंगी पावलं मोजते. विटलिंगर, वेनर आणि वोल्फ यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अनेकांना ऐकून माहीत असेल. दहा मीटरवरच्या अन्नापर्यंत पोचलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून उंच केलं. परतताना त्या घर ओलांडून पंधरा मीटरच्या आसपास जाऊन शोधू लागल्या. पाय तोकडे केलेल्या मुंग्या सहा मीटरच्या आसपासच थांबल्या. तुमचे एन्कोडर म्हणजे ही पावलं. ठिबकच्या ओलीत चाक घसरलं की ते जास्त मोजतात, आणि फ्लो मात्र चाक घसरलं तरी फसत नाही. दोन्ही ठेवा, आणि दोघांमध्ये एकदम फरक पडला तर चाक घसरतंय असं समजून त्या काही सेकंदांपुरतं एन्कोडरवरचं वजन कमी करा.

दिशेसाठी त्याच मुंग्यांचं आकाशातलं होकायंत्र फार गाजलेलं आहे. निळ्या आकाशातल्या ध्रुवित प्रकाशाची (ज्याच्या लहरी ठरावीक दिशेतच कंप पावतात) ठेवण त्यांच्या डोळ्याच्या वरच्या कडेला वाचता येते. रुडिगर वेनर यांनी ट्युनिशियात आयुष्यभर यावर काम केलं, आणि त्यांच्या सहकार्याने झालेला साहाबोट हा रोबोट त्याच वाळवंटात ध्रुवित प्रकाशावर दिशा धरून चालला. २०१९ मधला मार्सेचा सहा पायांचा अँटबॉट सुमारे १४ मीटर भटकून सेंटिमीटरच्या आसपासच्या चुकीने सुरुवातीच्या जागी परतला, तोही जीपीएसशिवाय. काम सुंदर आहे, पण तुमच्या उपयोगाचं नाही. मांडवाखाली आकाश दिसतं ते पानांच्या फटींतून, तुकड्यातुकड्यात. चुंबकीय होकायंत्रही नको. मोटर आणि मांडवाचे लोखंडी अँगल-तारा त्याला सुखाने राहू देणार नाहीत. तुमच्या बागेत ओळी सरळ आहेत, तीच तुमची दिशा. जायरो हळूहळू वाहवत जातो, पण ओळीत सरळ चालू लागला की त्याला पुन्हा ओळीच्या दिशेवर बसवता येतं.

राहिली जागा ओळखणं. कार्टराइट आणि कोलेट यांनी १९८३ मध्ये मांडलेली कल्पना अशी की मधमाशी घराभोवतीच्या दृश्याची एक छबी जपते आणि आत्ताचं दृश्य त्या छबीशी जुळेपर्यंत सरकत राहते. २००३ मध्ये त्साइल, हॉफमन आणि चाहल यांनी मोकळ्या जागेत चौफेर छायाचित्रं घेऊन नुसती पिक्सेलची वजाबाकी केली, तेव्हा दिसलं की मूळ जागेपासून लांब जाल तसा फरक नीट, सलग वाढत जातो. म्हणजे झाड, खांब, काहीही ओळखण्याची गरज नाही. बॅडली, ग्रॅहम, हसबंड्स आणि फिलिपाइड्स यांनी २०१२ मध्ये त्याच्या पुढचं पाऊल टाकलं: वाटेवरची दृश्यं लक्षात ठेवा, मग चालताना अंगाभोवती नजर फिरवा आणि जिकडे बघितल्यावर दृश्य सर्वांत ओळखीचं वाटेल तिकडे चाला.

इथे कमी रिझोल्यूशन हा तोटा नसून सोय आहे. कॅटाग्लिफिसच्या एका डोळ्यात हजारभरच नेत्रिका, म्हणजे डोळा बनवणारे छोटे छोटे घटक, असतात. तुम्ही एका पिक्सेलला ५ अंश धरा. ३६० अंशांचे ७२ रकाने, उंचीला १२ ओळी, एकूण ८६४ बाइट. दर अर्ध्या मीटरला एक छबी, १०० मीटरच्या ओळीला २०० छबी, म्हणजे १७० किलोबाइटच्या आसपास. रास्पबेरी पायवर हे काहीच नाही, पुढे ईएसपी३२ सारख्या छोट्या चिपवर न्यायचं ठरलं तरी बसेल. तुलनाही सगळ्या छबींशी करू नका. ओडोमीटर सांगतो त्याच्या मागेपुढे पाचपाच छबी आणि प्रत्येकीला डावी-उजवीकडे ३० अंशांपर्यंत फिरवून बघा, एवढं पुरतं. चौफेर दृश्यासाठी वरच्या दिशेला तोंड केलेली फिशआय लेन्स मांडवाखाली नुसती पानं दाखवेल. पुढे एक आणि मागे एक असे दोन साधे कॅमेरे किंवा गोलाकार आरसा बरा. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २०२४ मध्ये ५६ ग्रॅमच्या ड्रोनला याच धर्तीवर १०० मीटरपर्यंतची वाट परत शोधायला लावली. ओडोमीटरवर चालायचं आणि अधूनमधून एखाद्या छबीपाशी येऊन साचलेली चूक पुसायची, ही त्यांची मांडणी. त्यामुळे छबी लांब लांब ठेवता आल्या आणि सगळी मेमरी दोन किलोबाइटच्याही आत राहिली.

आता द्राक्षबागेतल्या दोन अडचणी, ज्या वाळवंटातल्या मुंगीला नाहीत. पहिली, प्रत्येक ओळ दुसरीसारखीच दिसते. एकट्या छबीवर भरवसा ठेवलात तर रोबोट अकराव्या ओळीत उभा राहून बाराव्या ओळीत असल्याचं सांगेल. यावर उंदराच्या मेंदूवरून आलेलं काम उपयोगी आहे. मिलफर्ड आणि वायथ यांच्या रॅटस्लॅम या नकाशा करणाऱ्या प्रणालीने २००८ मध्ये ब्रिस्बेनच्या एका उपनगरातल्या ६६ किलोमीटर रस्त्यांचा नकाशा लॅपटॉपच्या एका कॅमेऱ्यावर केला. त्याची खुबी अशी की एक ओळखीचं दृश्य दिसलं म्हणून तो लगेच जागा बदलत नाही. लागोपाठ बरीच दृश्यं त्याच जागेच्या बाजूने बोलली तरच विश्वास ठेवतो. मिलफर्ड यांची २०१२ ची सीक्वस्लॅम ही जागा ओळखण्याची पद्धतही छबींच्या क्रमावरच चालते. तुमच्यासाठी पूर्ण रॅटस्लॅम बसवायची गरज नाही, सलग दहाएक छबींचा क्रम जुळला तरच जुळलं म्हणा. ओळीचा क्रमांक मात्र दृश्यावर सोडू नका. बांधावरून जाताना ओळी मोजा, आणि ओळीच्या तोंडाशी खांबावर क्रमांकाची छापील खूण लावली तर त्यात कमीपणा काही नाही. मुंग्याही वासाच्या खुणा वापरतात.

दुसरी अडचण छाटणी. ऑक्टोबरची छाटणी झाली की एका दिवसात हिरवी भिंत जाऊन उघड्या काड्या, खांब आणि तारा उरतात. सगळ्या छबी निकामी. फ्लोवरचं मधोमध चालणं मात्र तरीही चालतं, फक्त पानांऐवजी खांब-काड्यांचा फ्लो तुटक मिळतो, म्हणून सरासरी जास्त वेळेची घ्यावी लागते. हेच या वाटणीचं बक्षीस आहे: स्मृती गेली तरी चाल शाबूत राहते. छाटणीनंतर एकदा रिमोटने प्रत्येक ओळीतून फिरवून आणा, नव्या छबी तयार. एरवी, वाढ होत असताना, दर फेरीला जुळलेली छबी थोडी थोडी नव्याकडे सरकवत राहिलात तरी पुरेल.

उजेडाबद्दल. मांडवाखाली दुपारी उन्हाचे कवडसे पडतात आणि वाऱ्याने हलतात, कॅमेऱ्याच्या दृष्टीने अख्खी जमीन सरकते. म्हणून फ्लो जमिनीवरून नको, कमरेच्या उंचीच्या पट्ट्यातून घ्या, आणि प्रत्येक पिक्सेलमधून त्याच्या आसपासची सरासरी आधीच वजा करा. कीटकांच्या डोळ्यातही अगदी सुरुवातीलाच हेच होतं. संध्याकाळी काम चालणार असेल तर भीमाशंकरच्या भुंग्यांकडे बघा. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस, एरिक वॉरंट आणि आल्मुट केल्बर यांनी तिथल्या झायलोकोपा जातीच्या भुंग्यांवर काम केलं. त्यातली एक जात अमावस्येच्या अंधारातही उडते, आणि चांदण्यांच्या उजेडात, जिथे माणसाला रंग दिसतच नाहीत, तिथे रंगाच्या खुणा शिकते. डोळ्याची रचना मूळ दिवसा उडणाऱ्या माशीसारखीच, भिंग आणि प्रकाशग्राही पेशी मात्र मोठ्या. अशा अंधारात काम करणाऱ्या कीटकांची दुसरी युक्ती शेजारच्या नेत्रिकांचे आणि मागच्या-पुढच्या क्षणांचे संकेत एकत्र करण्याची मानली जाते. तुमच्या कॅमेऱ्यात ती बिनखर्चाची आहे: उजेड कमी झाला की चारचार पिक्सेल एकत्र करा, एक्स्पोजर वाढवा आणि रोबोटचा वेग त्याच प्रमाणात कमी करा. वेग कमी न करता नुसतं एक्स्पोजर वाढवलं तर सगळं धुरकट होतं आणि फ्लो हातचा जातो.

शेवटचा मुद्दा, इव्हेंट कॅमेरा आणि खास चिपचा. १९५६ मध्ये हासेनश्टाइन आणि राइखार्ट यांनी भुंगेऱ्याच्या वळण्यावरून गती ओळखणारं मॉडेल मांडलं, आणि अनेक जण रोबोटमध्ये तेच जसंच्या तसं बसवायला जातात. त्याचं उत्तर वेगासोबत नक्षीच्या बारीकपणावर आणि कॉन्ट्रास्टवरही अवलंबून असतं, बागेत ते तुम्हाला छळेल. साधं ग्रेडियंट (पिक्सेलच्या उजेडातल्या बदलावरून सरकणं काढणारी पद्धत) किंवा ब्लॉक मॅचिंग वापरा. इव्हेंट कॅमेरा वेगवान ड्रोनला शोभतो, सेकंदाला ०.६ मीटरने चालणाऱ्या गाडीला ३० फ्रेमचा ग्लोबल शटर कॅमेरा भरपूर आहे, आणि किमतीत तर तुलनाच नको. खास चिपही नको, वरचं सगळं रास्पबेरी पायवर बसतं. आधी कॅमेरा आणि आयएमयू एका हातगाडीवर बसवा, सकाळ-दुपार-संध्याकाळ ओळीतून ढकलत न्या आणि सगळा डेटा साठवा. वळण वजा केल्यावर डाव्या-उजव्या फ्लोचा आलेख गाडी मुद्दाम कडेला नेल्यावर बरोबर वाकतो का, हे घरी बसून तपासा. तो वाकला की मगच मोटर जोडा.